कण्हेरीचं कुंपण

राजापेठ, अमरावती
ता. १९ जून १९५७

चि. सौ. अनुपमा हिस तिच्या म्हाताऱ्या बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड काल पोचलं. नव्या क्वार्टरला अंगण आहे हे वाचून मला इथे बसल्या बसल्या पालवी फुटली. अकोल्याचं ऊन आणि तिथली काळी जमीन, दोन्ही माझ्या ओळखीची. वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा नाजूक झाडांचा हट्ट धरू नकोस. मोरीचं पाणी जातं तिथे मोगरा लाव. तुळशीमागे तगर. जास्वंद अंगणात चालेल, पण कुंपणाला नको. शेजारच्या मनकर्णाबाईंकडे गाय आहे म्हणतेस. मग कुंपणाला जास्वंद म्हणजे तिला रोज ताट वाढणं. कुंपणाला कण्हेरच. पाणी थोडं, फुलं भरपूर, आणि पानं इतकी कडू की जनावर तोंड लावत नाही.

परतवाड्याच्या शाळेत आवाराभोवती गुलाबी कण्हेर होती. डोंगराकडून वारा सुटला की पाकळ्या थेट वर्गात. तिसरीच्या पोरांना मी दोन ओळी जुळवून दिल्या होत्या: ‘न मागे पाणी, न मागे मान, उन्हात हसे ती कण्हेर जाण.’ तिसरी ओळ काही जमली नव्हती. त्याच जातीच्या सोळा काड्या ओल्या गोणपाटात बांधून एसटीनं पाठवतो आहे.

विहीणबाईंस नमस्कार. झाडांवर आणि माझ्यावर सारखीच माया ठेव.

तुझा बाबा

—

राजापेठ, अमरावती
ता. २३ नोव्हेंबर १९५९

चि. सौ. अनुपमास अनेक आशीर्वाद.

काल दिवेलागणीला सुखरूप पोचलो. चार दिवस तुझ्याकडे राहिलो आणि दहा वर्षांनी लहान होऊन आलो. काय ती कण्हेर माजली होती, डोक्याच्या वर. गुडघ्याइतकी खाली आणली म्हणून विहीणबाई हळहळल्या, पण पाहशीलच, फाल्गुनात एकेका खोडाला चार चार धुमारे येतील. न छाटलेलं झाड आणि न दटावलेलं पोर, दोन्ही नुसती उंच होतात. मोगऱ्याचं पाणी आता तोड. त्याला ताण दिल्याशिवाय कळ्या येत नाहीत.

एक काम राहून गेलं. मोटारीची वेळ झाली म्हणून छाटलेल्या फांद्या आणि उपटलेली हरळी कुंपणाच्या पलीकडे मोकळ्या जागेत एकत्र रचून आलो. सवडीनं उचलून टाक. घाई नाही.

मनकर्णाबाईंची गाय मात्र देखणी. मी छाटत होतो तर कुंपणावरून मान काढून बघत होती, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी.

असाच लोभ ठेवावा, आणि मला पुन्हा लवकर बोलवावं.

तुझा बाबा

—

अकोला
ता. २४ नोव्हेंबर १९५९

तीर्थरूप बाबांचे चरणी अनुपमेचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र अजून यायचं आहे, पण हे आजच्या डाकेत गेलंच पाहिजे. मनकर्णाबाईंची गाय सकाळपासून आजारी आहे. तोंडातून लाळ गळते, पाय लटपटतात. सातवा महिना आहे तिला. जनावरांचे डॉक्टर दौऱ्यावर, परवा येतील म्हणतात.

सगळे जानरावांवर घसरले आहेत. ते आमच्या आळीची गुरं वळतात, चाळीस वर्षं झाली. ज्वारी कापल्यावर येणारे कोवळे फुटवे गुरांना बाधतात, त्यांत त्यांनी गाय सोडली असा बोभाटा आहे. जानराव शपथेवर सांगतात की मी त्या वावराकडे गेलोच नाही, पण कोणी ऐकून नाही राहिलं. मनकर्णाबाईंनी त्यांना दारातूनच परत धाडलं, म्हणाल्या, मायी लक्ष्मी उठली नाही तर तुमी या आळीतलं एकही ढोर वळनार नाही. पोट फुगलं असेल म्हणून गायीला दुपारपासून चालवत आहेत. ती बसते, हे लोक पुन्हा उठवतात.

बाबा, एक विचारते. कण्हेरीला जनावर तोंड लावत नाही, हे नक्की ना? आपला तो ढीग काल संध्याकाळी मला अर्धाच दिसला.

सासूबाई म्हणतात, हे लिहू नको. कागदावर उतरलं की ते आपलं होतं. मी कोणाजवळ बोलले नाही. ह्यांच्याजवळही नाही.

उलट टपाली उत्तर द्यावं. लोभ आहेच.

अनुपमा

—

तार
अमरावती, २५ नोव्हेंबर १९५९

गाय चालवू नका. कण्हेर खाल्ली आहे. मनकर्णाबाईंस आत्ताच सांग. चूक माझी. बाबा

—

राजापेठ, अमरावती
ता. २५ नोव्हेंबर १९५९

चि. सौ. अनुपमास आशीर्वाद.

तार केली, ती मिळाली असेल. पोस्टातल्या बाबूनं शब्द मोजताना माझ्याकडे दोनदा पाहिलं.

तुझं पत्र वाचलं आणि परतवाडा आठवला. या वेळी सबंध आठवला. तिथल्या शिपायानं एका मार्गशीर्षात अशीच कण्हेर छाटली होती. ओलं पान जनावर थुंकून टाकतं. पण पान सुकलं, गवतात मिसळलं, की कडूपणा त्याला कळत नाही आणि विष मात्र तेवढंच राहतं. एका गाडीवानाचा बैल ते खाऊन आजारी पडला. पोटाचं दुखणं समजून त्याला मैदानात फिरवला. तिसऱ्या फेरीला तो पडला तो पडलाच. डॉक्टर मागून आले आणि म्हणाले, हे विष काळजावर जातं, याला जागचं हलवायचं नव्हतं. त्यानंतर छाटणी झाली की हेडमास्तर स्वतः उभे राहून खड्डा खणवीत आणि फांद्या पुरवीत.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, पोरी. आणि इतकी वर्षं मला आठवल्या त्या पाकळ्या. न जमलेली तिसरी ओळ बैलाची होती.

उरलेला ढीग हातानं उचल, खोल पूर, हात धू. सासूबाईंना सांग की कागदावर मीच उतरवलं आहे, माझ्या नावानं.

गायीचं कळव. दुसरं काही लिहू नकोस.

बाबा

—

अकोला
ता. २९ नोव्हेंबर १९५९

ती. बाबांस अनुपमेचा नमस्कार.

गाय जिवंत आहे. गाभडली. कालवड होती.

तार बुधवारी दुपारी आली. सासूबाईंनी ती घडी करून डब्याखाली ठेवली आणि म्हणाल्या, संध्याकाळी ह्यांना विचारू. मी ती काढून घेतली आणि पळत गेले. गायीला तेव्हाही दोघं जण ओढत होते. मी मध्ये उभी राहून तार वाचून दाखवली. मग मनकर्णाबाईंनी दावं हातातून सोडलं आणि गायीला तिथेच बसू दिलं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली. म्हणाले, आणखी चार फेऱ्या झाल्या असत्या तर मला यायचं कारण उरलं नसतं.

मनकर्णाबाई त्याच संध्याकाळी जानरावांच्या घरी गेल्या आणि सगळ्यांदेखत त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. जानराव रात्रंदिवस गोठ्यात आहेत.

मी माफी मागायला गेले. मला वाटलं होतं त्या तुमच्यावर संतापतील. तुमच्याबद्दल एवढंच बोलल्या की मास्तर म्हातारा मानूस, इसरला. मग मला विचारलं की ढीग अर्धा झालेला तुले कधी दिसला. मी खरं सांगितलं, सोमवारी. त्यावर त्या म्हणाल्या, तुह्या बापाले अमरावतीहून सांगता आलं, तुले कुपाटीपलीकडून नाही सांगता आलं.

त्यानंतर बोलणं नाही. दूध नाही, हळदीची वाटी नाही, काही नाही. बाबा, मंगळवारी ती गाय माझ्या खिडकीसमोरून अकरा वेळा गेली. मी मोजत होते.

लोभ असावा असं या वेळी लिहवत नाही.

अनुपमा

—

राजापेठ, अमरावती
ता. २ डिसेंबर १९५९

चि. सौ. अनुपमास अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझी समजूत घालणार नाही. त्या बाईंनी तुला खरं तेच सांगितलं. पहिली चूक माझी, दुसरी तुझी. माझ्या चुकीमागे तुझी झाकून ठेवण्याएवढा मी प्रेमळ नाही.

कण्हेर सगळी उपटावी असं तुझ्या मनात येईल. माझ्याही आलं. पण झाडानं आपला कडूपणा लपवला नव्हता, आपणच विसरलो. तेव्हा सगळी नको. मधली दोन झुडपं मुळासकट काढ. गडी लावू नकोस, स्वतः कुदळ घे. बाकीच्या रांगेत तेवढी वाट मोकळी राहू दे. कुणी आलं तर आलं, नाही आलं तर निदान आवाज अडायला नको.

पुढच्या रविवारी मी येतो. गायीसमोर उभं राहायचं आहे. या खेपेस कविता आणत नाही, फावडं आणतो.

तुझ्याविषयी लोभ होता तेवढाच आहे, हे वेगळं लिहितो.

बाबा

—

अकोला
ता. २१ डिसेंबर १९५९

तीर्थरूप बाबांचे चरणी अनुपमेचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही गेल्यापासून गाय थोडं थोडं खाऊ लागली. जानराव सांगतात, मास्तर गोठ्यात तासभर बसले, मले वाटलं आता कविता म्हनतील, पन नाही म्हनली.

तुम्ही बुजवलेल्या दोन खड्ड्यांची माती बसली. वाट मोकळी आहे. आठ दिवस तिच्यातून कोणी आलं नाही, मीही गेले नाही. आज सकाळी उठून पाहते तर त्या वाटेवर शेणाचा सडा पडलेला. त्यांच्या अंगणापासून बरोबर खोडांच्या रेषेपर्यंत. आपल्याकडची अर्धी कोरडीच.

मी पाटी घेऊन त्या वाटेनं गेले आणि शेण मागितलं. मनकर्णाबाई गोठ्याकडे वळल्या. पाटी भरून दिली.

सडा घालून हात धुतले आणि हे लिहायला बसले आहे. मोगऱ्याला ताण दिलेला आहे, पाणी कधी सोडायचं ते कळवावं.

आपली
अनुपमा