कलम चौदा आणि आम्हा दोघींची चार मिनिटं

आदरणीय मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याचा ठणका आणि मामींचा राग, दोन्ही आता उतरणीला लागले असतील असं धरून चालते. इकडे आई बरी आहे, मशीन दुरुस्तीचं दुकान चालू आहे आणि मी परदेशाशी होणाऱ्या व्यापार कराराच्या सुनावणीत बोलून आले. (आई म्हणते, हे सगळ्यात आधी लिहायचं. पण तब्येती आधी, बाकी नंतर, ही तुमचीच शिकवण.)

झालं असं, की त्या करारातल्या कलम चौदात म्हटलंय, ज्या यंत्रात कंपनीचा प्रोग्रॅम असेल ते फक्त कंपनीच्याच माणसाने उघडायचं. हल्ली शिलाई मशीनमध्येसुद्धा प्रोग्रॅम असतो, मामा. म्हणजे मी झाकण काढलं की मी गुन्हेगार! आमच्या दुरुस्तीवाल्यांच्या संघटनेने (आम्ही एकोणीस जण, त्यातले दोघे आपसात बोलत नाहीत) यावर तीन बैठका घेतल्या. सरकारने संघटनांना मत मांडायला बोलावलं होतं. कोणी जायचं हा विषय निघाल्याबरोबर सगळी पुरुषमंडळी आपापली नखं न्याहाळू लागली, तेव्हा मीच गेले.

दारावर माझे स्क्रूड्रायव्हर काढून घेतले (पर्समधून चार निघाले, मला तीनच माहीत होते). आत प्रत्येक संघटनेला दोन मिनिटं. माझ्या शेजारी गणिताच्या एक निवृत्त बाई बसल्या होत्या, कमी ऐकू येणाऱ्यांच्या संघटनेच्या सचिव. त्यांच्या कानातलं यंत्र मधूनमधून शिट्टी मारत होतं आणि मी शिट्टी कुठून येतेय ते वाकून वाकून बघत होते, त्यामुळे आमचं लगेच जमलं. पुकारा झाला तशी मी टेबलावरचा कागद उचलला आणि धडाधड वाचत सुटले. चार ओळी गेल्यावर कळलं, हा बाईंचा कागद! पण थांबवेना. त्यात लिहिलं होतं की यंत्र बिघडलं की कंपनीकडे दीड महिना पडून राहतं आणि तो दीड महिना घरात नातवंडं काय बोलतात ते कळत नाही. तेच काम गल्लीतला कारागीर तासाभरात करून देतो, आणि कलम चौदा नेमके त्याचेच हात बांधणार. मग बाई उठल्या आणि माझा कागद त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचला, बॉबिन आणि शटलसकट, पाढे म्हटल्यासारखा खणखणीत.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “तुम्ही दोघी एकाच संघटनेच्या का?”

बाईंना अर्धंच ऐकू आलं. “हो, एकाच.”

“सदस्य किती?”

बाईंनी तोंडी बेरीज केली. (माझे एकोणीस मला मघाशी विचारून घेतले होते.) “चारशे बासष्ट!”

असं आमचं महामंडळ जन्माला आलं. जेवणाच्या सुट्टीत त्यात दम्याच्या रुग्णांची संघटना आली, मधमाश्या पाळणारे आले. त्यांची कलमं वेगळी, पण तक्रार एकच: आम्हाला न विचारता ठरवू नका. परवा पत्र आलं. कलम चौदावर एकमत नाही म्हणून ते बाजूला ठेवलंय, वाटाघाटींच्या पुढच्या फेरीआधी संघटनांशी पुन्हा बोलणार आहेत. रद्द झालेलं नाही, मला कळतं. पण त्या दिवशी मी एक मशीन उघडून बसले होते आणि आई आतून ओरडली, शीळ कोण घालतंय? मीच घालत होते, मामा. कित्येक महिन्यांनी.

मामींना नमस्कार, पोरांना पापे.

तुमची भाची

ता. क. पुढची सुनावणी तुमच्याच शहरात आहे.

ता. क. आणखी एक. आम्ही अकरा जण येतोय. मधमाश्या आणणार नाही, असं मधमाश्यावाल्यांनी तोंडी कबूल केलंय.

ता. क. शेवटचा. अर्जात स्थानिक पत्त्याचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. तेव्हा सरकारी शिक्क्याचं पाकीट आलं तर घाबरून परत पाठवू नका, अध्यक्ष म्हणून सही करून घ्या. (तोही रकाना रिकामा ठेवता येत नव्हता.)