दुसरी सुई

मंगळवार, १४ ऑक्टोबर, दुपार

धाकट्या,

तुला खूप आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा खोकला गेला. तुझे भावोजी नवीन कुकरशी रोज भांडतात आणि रोज हरतात. तुझ्या दुकानात नव्या काचा घासायचं मशीन आलं का? चष्मेवाल्या शेटजींचा स्वभाव मशीनने तरी गुळगुळीत व्हावा.

तू रागावलेला आहेस, हे कळतंय. तुझा व्हिडिओ कॉल आला की मी कापते आणि ‘कॅमेरा बिघडलाय’ असं लिहून पाठवते. कॅमेरा उत्तम आहे. बिघडलाय तो माझा उजवा हात. तो टेबलावर टेकवला की लिहिता येतं, पण खांद्यापासून उचलत नाही. आणि एका हाताच्या खुणांनी तुझ्याशी बोलायचं म्हणजे तोंडात घास धरून बोलण्यासारखं. तू लगेच ओळखलं असतंस.

कोर्टाच्या पायऱ्यांवरून मी पडले ते तुला ठाऊक आहे. तेव्हा डॉक्टरांनी सूज उतरायला खांद्यात कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. दोन-तीन दिवसांत हात असा हलका झाला की मी माळ्यावरचे डबेसुद्धा उतरवले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या, बोटांनी भिंत चढा, रबराचा पट्टा ओढा, हे रोज करायचं. मी म्हटलं, दुखत नाही तर कशाला? गरज सरो, वैद्य मरो. उन्हाळा संपता संपता दुखणं परत आलं, ते व्याजासकट.

मग स्कॅन झाला. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी अर्धी फाटलेली निघाली. डॉक्टरांनी समोर बसवून सगळं समजावलं.

“तीन वाटा आहेत. हात जपायचा आणि व्यायाम करायचा. त्याला महिने लागतील, पण बऱ्याच जणांना त्याने उतार पडतो. नाहीच पडला तर ऑपरेशन.”

“आणि इंजेक्शन?”

“त्याने दुखणं थांबेल. काही आठवडे, कदाचित. पण फाटलेलं त्याने शिवलं जात नाही. आणि पुन्हा पुन्हा दिलं तर ती दोरी आणखी नरम पडू शकते. तुम्हाला घाई कसली आहे?”

घाई कसली, ते तुला माहीत आहे. तुझ्यासारखंच ऐकू न येणाऱ्या आपल्या इस्त्रीबाईची साक्ष, आणि तिची दुभाषी मी. लाँड्रीतल्या त्या मोठ्या रोलरमध्ये तिचा हात गेला आणि मालक म्हणतो, तिनेच निष्काळजीपणा केला. ती म्हणते, थांबवायचं बटण कधीपासून बंद करून ठेवलं होतं. तिच्या खुणा अर्ध्या शाळेतल्या, अर्ध्या तिच्या घरातल्या. कोर्टात त्या माझ्याशिवाय कुणालाच उलगडत नाहीत, असं मी वकीलसाहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

ते खोटं होतं. कर्णबधिर संस्थेच्या मेळाव्यात तू तिला पहिल्याच भेटीत हसवलं होतंस. मला त्याला महिना लागला.

तेव्हाच तुझा निरोप आला. ‘मी येतो. तू मला छोट्या खुणांत सांग, मी तिच्याशी बोलतो. तिचं मी तुला सांगतो, तू कोर्टाला सांग. तुझा हात वाचेल.’ वकीलसाहेबांना विचारलं असतं तर त्यांनी अर्जही केला असता. मी विचारलं नाही. मी तुला लिहिलं, ‘गरज नाही. हे कोर्ट आहे, खेळ नाही.’



मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि दुसरी सुई मागितली. त्यांनी आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाले, “देतो, पण निदान पंधरा दिवस हाताला ताण नको. कबूल?” मी कबूल म्हटलं. साक्ष त्याच आठवड्यात होती. पंधरा दिवसांची ती अट भावोजींनाही सांगितली नाही. ते दवाखान्याबाहेर गाडी लावायला जागा शोधत होते.

पहिला दिवस छान गेला. इस्त्रीबाई घाबरली होती, तरी नीट बोलली. मालकाच्या वकिलांनी दोनदा प्रश्न फिरवून विचारला, ती दोन्हीदा डगमगली नाही. घरी येताना मी मनात म्हटलं, बघा, काही झालं का?

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशबाईंनी विचारलं, “रोलर खाली आला तेव्हा तुमचा दुसरा हात कुठे होता?” हे इस्त्रीबाईला खुणांनी विचारायला मी दोन्ही हात वर उचलले आणि खाली आणले. खांद्यात काहीतरी तटकन तुटलं. दुखलंसुद्धा फारसं नाही. हात नुसता पडला. पुन्हा उचलायला गेले तर येईना. इस्त्रीबाई माझ्या हाताकडे बघत उभी. तिला वाटलं, माझं बोलून झालं आणि आता तिने उत्तर द्यायचं. पण प्रश्न अर्धाच पोचला होता. तिने अंदाजाने काहीतरी सांगितलं, मालकाचे वकील ताडकन उठले, “साक्षीदार विसंगत बोलते आहे!” मी तोंडाने सांगतेय की चूक माझी आहे, माझा हात गेलाय, आणि तिला त्यातलं अक्षरही कळत नाहीये. तिच्याबद्दलच चाललंय एवढं तिला कळलं. ती रडायला लागली.

न्यायाधीशबाईंनी तारीख दिली. पुढच्या महिन्याची.

दोरी आता पूर्ण तुटली आहे. पुढच्या सोमवारी ऑपरेशन. मग झोळीत हात, मग पुन्हा तेच भिंत चढणं. पूर्वीसारखा वर जाईल का, डॉक्टर शब्द देत नाहीत. मी विचारलं, सुईमुळेच झालं का? ते म्हणाले, “दोष एकट्या सुईचा म्हणता येणार नाही. पडलात तेव्हाच ते फाटलं होतं. पण दुखत असतं तर तुम्ही हात इतका उचलला नसता.” भावोजी त्या दिवसापासून माझ्याशी मोजकंच बोलतात. त्यांचं चुकत नाही.

धाकट्या, तुला ‘नको’ म्हणाले ते तुला जमणार नाही म्हणून, असं तुला वाटलं असेल. तसं असतं तर बरं झालं असतं. तुला जमेल, हेच मला डाचत होतं. लहानपणापासून तुझं सगळं माझ्या हातांतून गेलं. मास्तरांचं तुला, तुझं आईला, दुकानदाराचं तुला. ‘हिच्याशिवाय त्याचं पान हलत नाही,’ असं लोक म्हणायचे आणि मला ते गोड लागायचं. तू माझ्या शेजारी उभा राहून माझ्यापेक्षा चांगलं बोलला असतास, तर मग मी कोण? एवढ्यासाठी मी खांद्यात सुई टोचून घेतली. आणि त्या बाईच्या साक्षीची माती केली.

आईचं सांगते. ती काल म्हणाली, “तुझा हात झोळीत गेल्यावर तो आला तर मी त्याच्याशी कशी बोलू? ‘जेवलास का’ कसं म्हणतात?” चाळीस वर्षं झाली, आपल्या आईने हे कधी विचारलं नव्हतं. मी असायचे ना मध्ये. डाव्या हाताने दाखवलं. ती आरशासमोर उभी राहून करते आहे. सध्या तरी ‘जेवलास का’ऐवजी ‘दात दुखतात का’ असं काहीसं होतंय. तू हसू नकोस. किंवा हस.

वकीलसाहेबांशी मी आज बोलले. तुझं आधीचं म्हणणंही त्यांना सांगितलं. ते अर्ज करायला तयार आहेत. इस्त्रीबाईचं तुझ्याशी, तुझं दुसऱ्या दुभाष्याशी आणि त्याचं कोर्टाशी. मी मागच्या बाकावर बसेन, तू सांगितलंस तरच. मी त्यांना तुझं नाव दिलं आहे, होकार दिलेला नाही.

येतोस की नाही, ते तूच त्यांना कळव. या वेळी तुझ्या वतीने मी काही बोलणार नाही.

तुझी,
ताई