इसार पाठवायची फुकट पद्धत

१ सप्टेंबर, सोमवार
गाळामालक गाळा विकतोय. अकरा वर्षं त्यात मी चष्मे विकले, तरी म्हणतो, शुक्रवारी दुपारपर्यंत इसार माझ्या खात्यात जमा करा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे बायकोचा भाऊ! तो दीडशहाणा माझा मालक होणार? त्यापेक्षा शटर ओढून घरी बसेन. पैसे तयार आहेत. प्रश्न फक्त पद्धतीचा.

२ सप्टेंबर
बँकेत गेलो. झटपट ट्रान्सफरला चार्जेस. मोठ्या रकमेच्या ट्रान्सफरला जास्त चार्जेस, वर फॉर्म. तिसरी फुकट, पण बॅचनं जाते, तास-दोन तास लागतात. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, झटपट करून टाका. कमिशन असणार. बायको म्हणाली, अहो, चार्जेस म्हणजे दोन कप चहाचे पैसे. हिच्या माहेरी असंच उधळतात. हे फक्त इथे लिहितोय.

३ सप्टेंबर, सकाळी
निर्णय पक्का: फुकटवाली. मालकाचं खातं ॲपमध्ये जोडलं. नव्या खात्यावर एक दिवस मोठी रक्कम जात नाही म्हणे. हरकत नाही. आधी एक रुपया पाठवून बघितला. डोळे झाकून पैसे टाकायला मी काय मेहुणा आहे?
रिमार्क सक्तीचा होता. "हावरट थेरडा, चाचणी" असं लिहिलं. पुढे हिशेबात पटकन सापडेल. फार बरं वाटलं.

४ सप्टेंबर
रुपया पोचला. मालकाला फोन केला, उचलला नाही. रुपया मोजत बसला असेल.

५ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी ९
पूर्ण इसार रवाना. चार्जेस शून्य. बायकोला स्क्रीन दाखवली. कौतुक करवलं नाही तिला.

दुपारी १२
पैसे परत आले. सगळे. झटपटनं! चार्जेस मालकानं भरले. तो एक रुपयासुद्धा वेगळा परत पाठवला. रिमार्क: "थेरडा चाचणीत नापास."
रिमार्क समोरच्यालाही दिसतो हे बँकेनं सांगायला नको? लेखी तक्रार करणार. बायकोनं कपाळावर हात मारला आणि भावाला फोन लावायला आत गेली.

१ ऑक्टोबर
गाळा मेहुण्याचा झाला. म्हणाला, भाऊजी, आपल्यात कसली घाई, भाडं एक तारखेला कुठल्याही पद्धतीनं टाका.
झटपटनं टाकलं. चार्जेस भरले. रिमार्क बायकोनं टाइप केला.