डुलक्या आणि अज्ञात घटक

तीर्थरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग घालण्याइतकी जागा या खोलीत नाही, मधोमध यंत्र उभं आहे. तेव्हा बसल्या बसल्याच केला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? शिलाईचं मशीन पायाने चालवणं बंद करा असं डॉक्टरांनी सांगितलं, तर तू त्यांच्याच पँटची उसवलेली शिवण दाखवून त्यांना गप्प केलंस, असं आईकडून कळलं. मी मजेत आहे. पत्राला खास काही कारण नाही, सहज लिहिते आहे.

माझं काम काय असतं, असं तू मागे विचारलं होतंस आणि बाबांनी 'ती यंत्रमानवाला शिस्त लावते' असं उत्तर दिलं म्हणे. तसं अगदीच चूक नाही. आमच्याकडे दोन चाकांवर उभं राहणारं, कमरेएवढं एक यंत्र आहे. त्याचा मेंदू खोलीच्या दुसऱ्या टोकाला, संगणकात. तिथून 'जरा पुढे झुक, आता मागे ये' असे निरोप त्याला बिनतारी जातात, सेकंदाला शंभर. त्यातले काही वाटेत हरवतात. थोडे हरवले तर ते डुलतं (म्हणून त्याचं नाव डुलक्या), सलग बरेच हरवले तर आडवं होतं. किती हरवतात ते मोजायचं, हरवण्याचा नियम शोधायचा आणि एवढे हरवले तरी डुलक्या पडणार नाही अशी रीत गणिताने सिद्ध करायची, हे माझं काम. उद्या अशी यंत्रं आजाऱ्यांना उठवून बसवतील, आत्या. त्यांनी पडून चालणार नाही. (हे वाक्य मी सगळ्यांना ऐकवते. आता सगळे ते माझ्याबरोबर म्हणतात.)

तर मी महिनाभर मोजलं. तऱ्हा विचित्र होती. निरोप एकेकटे हरवत नसत, घोळक्याने हरवत, आणि तेही डुलक्या जरा डुलायला लागला की नेमके तेव्हाच. लिफ्ट, पंखे, शेजारच्या खोलीतला फ्रिज, सगळं बंद करून पाहिलं. (फ्रिजमध्ये कोणाचं तरी दूध होतं. माफी मागून झाली आहे.) शेवटी मी कारणाला 'वातावरणातील अज्ञात घटक' असं भारदस्त नाव दिलं, त्याचं बारा पानी गणित मांडलं, आणि तो लेख एका परिषदेने छापायला घेतलासुद्धा.

फक्त एक गुरुवार आडवा आला. त्या दिवशी मी तापाने वसतिगृहाच्या खोलीवर झोपून होते. दादाने (हा आमच्यातला सर्वांत जुना विद्यार्थी, वयाने आणि सल्ल्याने मोठा) सकाळी डुलक्याला सुरू केलं आणि तो चहाला गेला. संध्याकाळपर्यंत डुलक्या एकदाही पडला नाही. दादा म्हणाला, "अगं, गाळून टाक तो दिवस. तिसांत एक असा निघतोच." मी त्याला सचोटीवर वीसेक मिनिटं ऐकवलं. "बरं बाई, ठेव," तो म्हणाला, "पण मला जेवायला जाऊ दे."

दिवस ठेवला म्हणजे त्याचं कारण शोधणं आलं. उद्या कोणी आकड्यांवर शंका घेऊ नये म्हणून मी पहिल्या दिवसापासून हट्टाने खोलीत कॅमेरा लावला होता. सगळं चित्रण पाहायला बसले. डुलक्या पडताना एकदाही दिसला नाही, कारण प्रत्येक वेळी मध्ये माझी पाठ होती. तो जरा डुलला की मी काळजीने उठून उभी राहायचे. माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे निरोप सोडणारी अँटेना. मी बसलेली असले की निरोप डोक्यावरून जात, उभी राहिले की माझ्यात अडत. (माणसाच्या अंगात पाणी फार, त्यात या लहरी मुरतात.) निरोप अडले की तो आणखी डुले, तो डुलला की मला आणखी काळजी. थोडक्यात, अज्ञात घटक पाच फूट दोन इंच उंच होता आणि त्याने निळा स्वेटर घातला होता.

माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे महिनाभर आपण तुमच्या उठबशीचा अभ्यास केला." मग हळूच म्हणाले, आकडे काही खोटे नाहीत, लेखात 'अज्ञात' असंच लिहिलंय, छापू द्यावा का? मी म्हटलं, सर, तो आता अज्ञात राहिला नाही. आज दुपारी लेख मागे घेतला. सरांनी पुढच्या वर्षासाठी नवा विषय दिला आहे: मध्ये माणसं उभी असताना निरोप पोचवायचे कसे. आजाऱ्याच्या खाटेभोवती नातेवाईक उभेच असतात ना.

तुझी भाची

ता. क. खास कारण नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. माझं नाव छापून येणार हे बाबांनी सायकलच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंय. (पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाइकाला हलता येत नाही.) आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यांचं सगळं लक्ष त्या नावाकडे. आता ते येणार नाही हे त्यांना सांगायचं माझ्याच्याने होत नाही. ते तुझ्यापुढे आवाज चढवत नाहीत. तू जाऊन सांगशील का?

ता. क. २. काल रात्री पाकीट चिकटवणार तोच बाबांचा फोन आला, आणि "जेवलीस का" एवढ्यावरच मी सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "चूक तुझीच, हे तूच शोधलंस? कोणी पकडलं नव्हतं?" नाही, म्हटलं. "तीस वर्षं दुकानात बसतोय. 'खिळ्यावरून मीच नेली' म्हणणारा एक माणूस आला नाही." तरी तू जाच, आत्या. आईने आत्ता कळवलंय की ते तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी चूक अभिमानाने सांगतायत, आणि डुलक्या कसा पडतो तेही करून दाखवतायत. या वयात दिवसाला दहा वेळा पडणं बरं नव्हे.