हरतालिकेचं पाणी

आये, तुझं तोंड खरंच कोरडं पडायचं का गं? कर्जतच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं माझ्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून मला पाच मिनिटं बसवलं. पट्टी कोरडीच निघाली. मग रक्त तपासलं. म्हणाला, शरीरच आपल्या लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटलंय. पुरतं बरं होत नाही, सांभाळायचं. आणि विचारलं, "आईला असं काही होतं?" मी म्हटलं, आठवून सांगते. पुढच्या महिन्यात तो पुन्हा विचारणार आहे.

मला ती हरतालिका आठवते. आपल्या घरात त्या दिवशी बायका पाणीही घेत नसत. मी आठ वर्षांची. तू मोरीत पाठमोरी उभी, तांब्या तोंडाला लावलेला. संध्याकाळी आजी सगळ्यांदेखत विचारतेय, "नवऱ्याच्या आयुष्यापरीस घोटभर पानी मोठं झालं काय गं?" तू म्हणतेस, "आई, जीभ वळत नाय ओ." आणि काकी हसते, "वळत नाय? सकाळपास्नं चालूच हाय की, जाऊबाय!" दोन वर्षांनी बाबा गेले. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण तुझ्या हातचं पाणी आजीनं पुन्हा घेतलं नाही. काकीनंच चुगली केली असं धरून तू मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस.

मी मात्र भिसेगावात सासरी आल्यापासून दरवर्षी थेंबही न घेता उपास केला. शेवटची काही वर्षं जीभ लाकडासारखी व्हायची, तरी केला. आणि हे गेलेच. मग काय धरायचं मी? तू भाकरी पेजेत बुडवून खायचीस, पण तुझे दात पडले होते. दात आजारानं पडले का मिश्रीनं? डोळे सारखे चोळायचीस, पण चूल धुराची होती. डॉक्टरनं दिलेलं पत्रक मी चार वेळा वाचलं, दर पानाला डोळ्यांत थेंब घालून. त्यात तू कुठंकुठं सापडतेस आणि पुन्हा हरवतेस. तुला आजार होता, की नुसती तहान? आजार होता म्हटलं तर तू सुटतेस. मग मी कुठं उभी राहू, कळत नाही.

हा कागद घडी करून थेंबांच्या बाटलीखाली ठेवतेय; पाठवू कुठं? काकी अजून आहे, कशेळ्याला लेकीकडे. निदान तिला तरी सांगायला हवं होतं. आजीला तिनं नाही सांगितलं, आये. मी सांगितलं.