स्पीकरमधली घुं घुं

मंगळवार, १२ ऑगस्ट, संध्याकाळी सव्वापाच. नेमक्या ह्या वेळी ह्यांनी मेकॅनिकसमोर मला खोटे पाडले.

"काहून भांडून राहिली? स्पीकरमधून काहीच आवाज येत नाही, भैया. हिचेच कान वाजतात."

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनीसुद्धा मला कधी खोटारडी म्हटले नव्हते.

मेकॅनिकने अँप्लिफायरमधून टीव्हीची केबल काढली आणि महिनाभराची घुं घुं थांबली. "आंटीजी सही बोल रही थीं," तो म्हणाला. मी तोऱ्यात ह्यांच्याकडे वळले. हे डोळे मिटून खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरत होते. स्पीकरवरचे गाणे तर मेकॅनिकने आल्याआल्याच बंद केले होते.

चहा गाळताना ती बोटेच डोळ्यांसमोर. कधीपासून असे नुसता ताल धरून बसतात? आणि मी रोज ओरडते, ह्या घरात माझे कोणी ऐकत नाही म्हणून.

तोंडी विचारले तर न ऐकताच "हव, हव" म्हणतील. म्हणून ह्यांच्या चष्म्याखाली चिठ्ठी ठेवली आहे: समता कॉलनीत कानाच्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर येणार की नाही? शनिवारी दुपारी बारापर्यंत लेखी उत्तर द्यावे. नुसती मान डोलावलेली चालणार नाही.