पपांचं ‘नाही’

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

आलं एकदाचं बाड! मतदार पुस्तिका – उशाला घेऊन झोपता येईल एवढी जाड. गव्हर्नरपासून पाणी मंडळापर्यंत झाडून सगळे उमेदवार, मग प्रस्ताव, आणि प्रत्येक प्रस्तावाखाली लोकांची भाषणं – बाजूने आणि विरुद्ध. पपांनी ती हातात घेऊन तोलली आणि खूश झाले. “कधी बसायचं, जोलीन?”

त्यांची नजर गेल्यापासून वाचायचं काम घरातल्यांकडे. आधी माझा नवरा केंट वाचायचा आपल्या बापाला. आता केंट नाही. त्याचा बाप आहे, मी आहे आणि ही पुस्तिका आहे.

१६ ऑक्टोबर, रविवार

पहिला प्रस्ताव. भाषणं मोजली नाहीत, पण घसा बसला. मधली दोन गाळायला गेले तर लगेच – “पान उलटल्याचा आवाज लवकर आला. काय गाळलंस?” कान आहेत की काय आहेत!

सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, मिशीवरून हात फिरवला. आता काहीतरी विचार सांगतील असं वाटलं. तर – “नाही. पुढचा!”

एवढंच म्हणायचं होतं तर सुरुवातीलाच म्हणायचं ना!

२० ऑक्टोबर, गुरुवार

मतपत्रिका टपालाने आल्या. दोघांच्या दोन. माझी मी दहा मिनिटांत भरून, लिफाफ्यावर सही करून, टपाल कचेरीसमोरच्या मतपेटीत टाकून आले. पपांचं अजून वाचन चालू आहे.

मद्यविक्रीचा प्रस्ताव – नाही. रस्त्यांसाठी रोखे – नाही. शेरीफला एकच उमेदवार उभा, त्यालासुद्धा नाही! म्हटलं, “पपा, तिथे ‘नाही’ म्हणायला जागाच नाहीये.” म्हणाले, “मग रिकामं सोड. कळेल त्याला.”

हसू आलं. पण दमलेय. लायब्ररीत दिवसभर उभी, घरी येऊन स्वयंपाक, वर हे कीर्तन. आणि आमच्या लायब्ररीसाठीच्या कराचा प्रस्ताव पुस्तिकेत अगदी शेवटच्या पानावर आहे. त्याच्याबद्दल मी अजून तोंड उघडलेलं नाही.

२३ ऑक्टोबर, रविवार

मार्लिस फोनवर रडायच्या बेतात. लायब्ररी तिची, म्हणजे ती प्रमुख, मी काउंटरवर. दोघींचंच राज्य. कर मंजूर झाला तर चालू राहील, नाही झाला तर जूनला कुलूप. “तुझ्या सासऱ्यांना तरी पटव गं!” म्हणाली.

पपांना पटव! उभ्या आयुष्यात या माणसाने एका कराला हो म्हटलेलं नाही. केंट शाळेत होता तेव्हा शाळेच्या छपराच्या करालासुद्धा नाही म्हणून आले होते. केंट सांगायचा – वर्गात बादल्या ठेवलेल्या, आणि पोरं त्याच्याकडे बघायची.

मला या वयात इथे कोण नोकरी देणार? धान्याचं कोठार की पेट्रोल पंप? शहरात गेले तर पपांचं काय? सगळं डोक्यात घोळतंय. कंटाळा आलाय विचार करायचासुद्धा.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

आज मतपत्रिका भरली. जेवणाच्या टेबलावर, मी पेन घेऊन, ते शेजारी. त्यांची पद्धत ठरलेली. माझ्या मनगटावर बोट ठेवायचं आणि गोल गिरवून होईपर्यंत उचलायचं नाही. “भरलास पूर्ण? कडेपर्यंत?” प्रत्येक गोलाला.

शेवटी आला आमचा. मी पुस्तिकेतली दोन्ही भाषणं वाचली. बाजूचं मार्लिसने लिहिलेलं – मीच तपासून दिलं होतं. आवाज सरळ ठेवला. माझ्या नोकरीचं काही बोलले नाही. का बोलायचं? त्यांना काय माहीत नाही? दर आठवड्याला त्यांच्या गोष्टींच्या सीडी कुठून येतात? आकाशातून?

मग – “नाही.”

आणि उठलेच! “तू गिरव. मी बाहेर कुत्र्याला खायला घालून येतो.” भिंत चाचपत गेलेसुद्धा.

मी पेन घेऊन एकटी. बोट नाही, कान नाही. शेजारचा ‘हो’चा गोल केवढासा तो! कोणाला कळणार होतं? देवाशपथ, पेन तिकडे नेलं होतं. मग केंट आठवला. बापाशी जन्मभर भांडला, पण बापाचं मत मात्र बापाने सांगितलं तसंच भरायचा. आंधळ्या माणसाचा हात व्हायचं कबूल केलंय तर हात व्हायचं. ‘नाही’ गिरवलं. कडेपर्यंत. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

पपा आत आले. “झालं?” झालं म्हटलं. “बरं,” म्हणाले आणि लिफाफ्यावर सही केली. रेघेवर मी बोट धरलं होतं तरी सही कोपऱ्यात घसरली.

संध्याकाळी पाहिलं तर कुत्र्याने खाण्याला तोंडही लावलेलं नव्हतं. त्याचीही भूक मेलेली दिसतेय.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

टाकलं पेटीत. सुटले.

८ नोव्हेंबर, मंगळवार

मतदान संपलं. लायब्ररी मागे आहे. जास्त नाही, पण मागे. मार्लिस म्हणते, शेवटच्या दिवशी पेटीत पडलेली मतं मोजायची आहेत. पपा विचारत होते, “तुमचं काय झालं?” ‘तुमचं’! म्हटलं, “अजून मोजतायत.” हं, म्हणाले आणि सीडी लावली.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

काय लिहू! लायब्ररी पुढे गेली. एका मताने. एका!

आणि आजच काउंटीच्या निवडणूक कचेरीचं पत्र पपांच्या नावाने. लिफाफ्यावरची सही त्यांच्या जुन्या सहीशी जुळत नाही, मत बाजूला ठेवलंय. एकोणतीस तारखेपर्यंत कचेरीत येऊन सही करून द्या, म्हणजे मोजू.

मार्लिसला आधीच कळलं होतं. आमच्या लायब्ररीच्या हद्दीतला असा एकच लिफाफा उरलाय म्हणे – ऑर्व्हल टिबेट्स, म्हणजे पपाच. तिने मला मागच्या खोलीत ओढलं. “त्यांचं मत काय आहे ते मला सांगूच नकोस. फक्त एवढं ऐक – बरोबरी झाली तर नामंजूर. सत्याऐंशीचा माणूस, दिसत नाही, थंडी पडलीय. कोण विचारणार आहे तुला? पत्र राहिलं पडून. राहतात!”

पत्र पर्समध्ये आहे.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

आभार मानायच्या सणाचं जेवण दोघांचंच. टर्की कोरडी झाली. पपांनी तरी दोनदा घेतली. जेवणाआधी प्रार्थना म्हणताना म्हणाले, “आणि जोलीनबद्दल आभार, ती खोटं वाचत नाही.” पर्स समोर खुंटीला टांगलेली.

२८ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. नाही राहवलं. पत्र वाचून दाखवलं, शब्दन् शब्द, काही गाळलं नाही. एका मताचंही सांगितलं. म्हटलं, “उद्या शेवटचा दिवस. सुट्टी काढते, घेऊन जाते.”

खूप वेळ मिशीवरून हात फिरवत बसले. मग – “माझा चांगला कोट काढून ठेव.”

चांगला कोट! केंटच्या दफनानंतर आज निघतोय तो. माझी लायब्ररी पुरायला निघालेयत नटूनथटून. इतका राग आला की भांडी आपटली. ऐकू गेलंच असेल. जाऊ दे!

२९ नोव्हेंबर, मंगळवार

गेलो. रस्ताभर धुकं. काउंटी कचेरीत एक तरुण मुलगी काउंटरवर, फार गोड बोलली. “आजोबा, तुमचं मत मोजायला हवं ना? इथे एक सही करा, झालं.” पेन त्यांच्या हातात दिलं. मी रेघेवर बोट धरलं. तेवढं तरी नीट करू म्हटलं.

पपा म्हणाले, “नाही.”

मुलीला वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. पपांनी पेन काउंटरवर ठेवलं. “बाई, मी कराच्या विरुद्ध मत दिलंय. दिलं ते दिलं. ते मोजायचं की नाही हे मला विचारताय ना? मग नाही!”

मी म्हटलं, “पपा, अहो, मत वाया जाईल तुमचं!” वेड लागलं होतं का मला? म्हणाले, “माझं आहे. जाऊ दे वाया. चल, मॅपल डोनट खाऊ. तुझ्या पैशाने, तुझी नोकरी राहिलीय.”

गाडीत बसल्यावर रडू आवरेना. ते खिडकीबाहेर तोंड करून बसले, बाहेरचं दिसत असल्यासारखे.

३० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी कॉफी पिताना पपांनी विचारलं, “खरं सांग. मी बाहेर गेलो तेव्हासुद्धा तू ‘नाही’च गिरवलंस?” हो म्हटलं. कप खाली आपटला त्यांनी – “अगं वेडे! मग मी बाहेर गेलो कशाला होतो? कुत्र्याला मी सकाळीच खायला घातलं होतं!”